मागच्या गाडीतली माणसे

नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांचे नाव आपल्यापैकी अनेकांनी वर्तमानपत्रांतून वाचले असेल. जून २०१७ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओशनसाइड या गावातून सायकलवर निघून पूर्व किनाऱ्यावरील अ‍ॅनापोलिसपर्यंतचे सुमारे ४,९०० किलोमीटरचे अंतर त्यांनी ११ दिवस, २१ तास आणि ११ मिनिटांत पार केले. 'रेस अक्रॉस अमेरिका' हे त्या शर्यतीचे नाव. त्याच शर्यतीत त्यांच्या काही तास आधी लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ पोहोचले होते, आणि ही शर्यत एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले होते. त्याआधी २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघातून ती पूर्ण केली होती. चौघेही डॉक्टर असावेत याची मला मोठी गंमत वाटते. पुढे २०१८ मध्ये समर्थ मॉस्कोहून निघून सैबेरियातून व्लादिवोस्तोकपर्यंत गेले. अंतर ९,१०० किलोमीटरांहून अधिक, टप्पे १५, दिवस २५. त्यांतला सर्वांत लांब टप्पा चौदाशे किलोमीटरच्या आसपास होता. २०२१ साली दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोन महामार्गाचा सुमारे सहा हजार किलोमीटरचा फेरा त्यांनी दोन आठवड्यांच्या आत पुरा केला.

सदरमधल्या माझ्या दवाखान्यात ज्येष्ठ रुग्णांच्या तोंडी हा विषय अधूनमधून निघतो. कुणी विचारते, 'डॉक्टर, आम्हीही सायकल चालवली तर चालेल का?' या प्रश्नाचे उत्तर मी देणार आहेच. परंतु या कारकिर्दीतली ज्या गोष्टीची सर्वांत कमी चर्चा होते, ती मला आपल्यापुढे ठेवायची आहे. ती म्हणजे सायकलस्वाराच्या मागून चालणारी गाडी आणि त्या गाडीतली माणसे. घरात अंथरुणाला खिळलेले वडील असोत, विस्मरणाच्या आजाराने ग्रासलेली सासू असो, की पक्षाघातानंतर हळूहळू सावरणारा नवरा असो, त्यांची शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाने त्या गाडीत डोकावून पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रथम ही शर्यत वेगळी का, ते सांगतो. सायकलशर्यत म्हटली की युरोप आठवतो, त्यातही बेल्जियम. त्या छोट्या देशात रस्त्यावरची सायकलशर्यत हा प्रतिष्ठेचा पगारी व्यवसाय आहे. तिथल्या एडी मर्क्स यांनी 'टूर द फ्रान्स' पाच वेळा जिंकली. ती शर्यत कितीही खडतर असली तरी दिवसाचा टप्पा संपला की स्वार मुक्कामाला पोहोचतो, जेवतो, मालिश करून घेतो आणि झोपतो. अमेरिकेतल्या या शर्यतीत मात्र घड्याळ एकदा सुरू झाले की थांबत नाही. स्वार झोपला तरी ते चालूच. बारा दिवसांत शेवट गाठायचा, म्हणजे दररोज चारशे किलोमीटरच्या वर. आपल्या भाषेत सांगायचे तर रोज नागपूरहून सायकलने अकोल्याला जायचे आणि परतीच्या वाटेवर तळेगाव गाठायचे. असे बारा दिवस, मध्ये वाळवंट आणि रॉकी पर्वत. झोप दिवसाकाठी दोन-तीन तास, कित्येकदा त्याहूनही कमी.

हे एकट्याने होत नाही. 'एकट्याने' हा शब्द शर्यतीच्या कागदावर आहे, रस्त्यावर नाही. प्रत्येक स्वारामागे आठ-दहा जणांचे पथक असते. कुणी गाडी चालवतो, कुणी मार्ग सांगतो, कुणी खाणेपिणे हातात देतो, कुणी सायकल दुरुस्त करतो. रात्री तर मागे गाडी असल्याशिवाय सायकल चालवण्याची परवानगीच नाही. तिच्याच दिव्यांच्या उजेडात स्वार पुढे जातो. पथकाचा एक प्रमुख असतो आणि त्याचा शब्द अखेरचा मानला जातो.

आता त्या गाडीत चाललेले काम पाहा. स्वाराने किती वाजता काय खाल्ले, किती पाणी प्यायले, लघवी केव्हा झाली, किती झोपला, हातापायांना सूज आहे का, बोलणे सुसंगत आहे का, हे सारे वहीत लिहिले जाते. दिवसाला आठ-दहा हजार कॅलरी खर्च होत असताना भूक मात्र मेलेली असते. म्हणून 'खाणार का?' असे विचारत बसत नाहीत. ठरावीक वेळाने थोडे थोडे हातात देतात.

घरी रुग्ण असलेल्या किती कुटुंबांत अशी वही असते? तपासायला घरी गेलो की मी विचारतो, 'काल दिवसभरात पाणी किती गेले?' उत्तर येते, 'प्यायले थोडेसे.' लघवी किती वेळा झाली हे दिवसा असणाऱ्या आयाला माहीत, रात्रीचे सुनेला माहीत, आणि डॉक्टर येतात तेव्हा दोघीही घरी नसतात! शंभर पानी वही आणि तिला दोऱ्याने बांधलेले पेन, एवढाच खर्च आहे. पाणी, जेवण, लघवी, शौच, औषधाची वेळ, रक्तदाब किंवा साखर मोजली असल्यास तिचा आकडा, आणि शेवटी 'आज काय वेगळे वाटले' यासाठी एक ओळ. हृदय कमकुवत असलेल्या रुग्णाचे वजन रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याच्या आधी, एकाच काट्यावर घेऊन लिहावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नव्हे, साठलेले पाणी असते. पायांवरची सूज आणि धाप दिसायला लागण्याआधीच हा आकडा आपल्याला सावध करतो, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवले तर रुग्णालयात दाखल होण्याची वेळ पुष्कळदा टळते.

पाण्याच्या बाबतीत तर सायकलस्वार आणि वृद्ध माणूस यांचे दुखणे विलक्षण सारखे आहे. घामावाटे मीठ जात असताना स्वार नुसते पाणीच पीत राहिला, तर रक्तातले सोडियम उतरते. डोके जड होते, मळमळते, भ्रम होतो, झटके येऊ शकतात. वृद्धांमध्ये हे अधिक सहज घडते. वयोमानाने तहानेची जाणीव बोथट होते, म्हणून शरीर कोरडे पडते; दुसरीकडे रक्तदाबासाठी दिलेल्या काही गोळ्या लघवीवाटे सोडियम बाहेर टाकतात. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना 'मीठ बंद, पाणी भरपूर' हा शेजाऱ्यांचा सल्ला काटेकोरपणे पाळणारे आजोबा गुंगलेल्या अवस्थेत दवाखान्यात आणले जातात, असे दर उन्हाळ्यात एक-दोनदा तरी पाहतो. मीठ किती आणि पाणी किती, हे ज्याच्या त्याच्या हृदयावर, मूत्रपिंडावर आणि औषधांवर अवलंबून असते. उन्हाळा सुरू होण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून हे दोन आकडे विचारून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

त्वचेचेही तसेच. तासन्‌तास एकाच जागी दाब, घाम आणि घर्षण यांमुळे स्वाराला बैठकीवर व्रण होतात आणि चांगले कसलेले स्वारही त्यापायी शर्यत सोडतात. अंथरुणावरच्या माणसाचे शय्याव्रण त्याच जातीचे असतात. माकडहाड, टाचा, खुबे ही ठिकाणे रोज अंघोळीच्या वेळी उजेडात पाहिली पाहिजेत. लाल डाग दिसला आणि बोटाने दाबूनही पांढुरका झाला नाही, तर व्रणाची सुरुवात झाली असे समजा. त्या जागी चोळू नका. चोळल्याने आतल्या पेशी अधिक फाटतात. मधे भोक असलेली रबराची गोल उशीही वापरू नका, तिच्या कडेने रक्तपुरवठा आणखी कमी होतो. दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे, टाचा उशीच्या आधाराने अधांतरी ठेवणे आणि आहारात प्रथिने वाढवणे हाच उपाय. घरात हवेची गादी आली म्हणून कूस बदलायची नाही, असा समज मी अनेक ठिकाणी पाहिला. गादी मदतीला आहे, हाताला पर्याय म्हणून नव्हे.

या शर्यतीने वैद्यकाला एक आजारही दिला आहे. १९८२ साली ती पहिल्यांदा झाली तेव्हा अवघे चार स्वार होते; त्यांतले एक मायकेल शर्मर. पुढच्याच वर्षी त्यांच्या मानेच्या स्नायूंनी काम करणे थांबवले आणि डोके वर धरता येईना. त्याला आजही 'शर्मर्स नेक' म्हणतात. मग पथकाचे लोक पट्टे आणि काठ्या बांधून हनुवटीला टेकू देतात.

परंतु पथकाची खरी कसोटी लागते ती रात्री. झोप न मिळाल्याने मेंदू भरकटतो. रस्त्याकडेची झुडपे माणसे वाटू लागतात, ओळखीचे आवाज ऐकू येतात, आणि ज्यांच्या जिवावर आपण चाललो आहोत तीच माणसे कट करीत आहेत असा संशय येतो. स्लोव्हेनियाचे युरे रोबिच हे सैनिक ही शर्यत पाच वेळा जिंकले. त्यांनी या अवस्थेपुरता एक करार पथकाशी करून ठेवला होता: काही दिवसांनी माझे डोके ठिकाणावर राहणार नाही, तेव्हापासून निर्णय तुम्ही घ्यायचे. रोबिच रागावत, ओरडत, सायकल टाकून देत. पथक शांतपणे त्यांना पुन्हा सायकलवर बसवी.

रात्री दोन वाजता 'घरात चोर शिरले आहेत' म्हणून उठणारे वडील किंवा 'सून माझ्या जेवणात काही घालते' म्हणणारी आई ज्यांनी सांभाळली आहे, त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही. येथे एक भेद अवश्य लक्षात घ्या. विस्मरणाचा आजार महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो. कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज अचानक असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपू आणि रात्री जागू लागला, तर त्याला 'वय झाले' असे म्हणून सोडू नका. या अवस्थेला डिलिरियम म्हणतात आणि तिच्यामागे बहुधा शरीरातला एखादा नवा बिघाड असतो: लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, उतरलेले सोडियम, साखरेचा चढउतार, तुंबलेली लघवी, अनेक दिवसांचा मलावरोध, नव्याने सुरू झालेली एखादी गोळी, विशेषतः झोपेची किंवा सर्दीची. त्याच दिवशी तपासून घेतले तर माणूस बहुतेक वेळा पूर्वपदावर येतो. आणि तोंड वाकडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे यांपैकी काही बरोबर असेल, तर दवाखान्यात येऊ नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा. तो पक्षाघात असू शकतो आणि तिथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

अशा माणसाशी वाद घालू नये. 'चोर नाहीत, तुम्हाला भास होतो' हे दहादा सांगून काही साधत नाही. दिवा लावावा, चष्मा आणि श्रवणयंत्र द्यावे, हात धरून 'मी आहे, दार लावले आहे' एवढे सांगावे. पथकातली माणसेही रागावलेल्या स्वाराला पटवून देण्याच्या भानगडीत पडत नाहीत.

आता मला ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्या मुद्द्याकडे येतो. मागच्या गाडीतली माणसे पाळीने काम करतात. चालक बदलतो. जो रात्रभर जागला तो सकाळी झोपतो आणि त्याला कुणी उठवत नाही, कारण डुलकी लागलेला चालक स्वारासाठी सर्वांत मोठा धोका असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या घरात ही पाळी कुठे आहे? सदर, सिव्हिल लाइन्स, छावणी या भागांतली कितीतरी घरे मला माहीत आहेत, जिथे मुलगा पुण्यात किंवा परदेशात आहे आणि पंचाहत्तरीच्या पतीला सत्तरीची पत्नी एकटी उठवते-बसवते. पतीची प्रत्येक तपासणी फाइलमध्ये तारखेनुसार लावलेली असते. पत्नीचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला, असे विचारले की त्या ओशाळतात. 'माझे काय, मी ठणठणीत आहे,' असे म्हणणाऱ्या त्याच बाईंचे गुडघे सुजलेले असतात, झोप चार तासांची असते, आणि पहाटे इन्सुलिन घ्यायला लावताना आकडा नीट दिसत नाही म्हणून त्या अंदाजाने डोस भरतात. इन्सुलिनचा अंदाज चुकला तर रुग्णाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणजे काळजी घेणाऱ्याची झोप हा त्यागाचा नव्हे, रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. हे मी अशा बाईंना सांगतो तेव्हा त्यांना ते पटते. 'तुम्ही विश्रांती घ्या' म्हटले तर पटत नाही.

पाळी लावणे सर्वांना परवडते असे नाही. चोवीस तासांची आया हा मध्यमवर्गीय घरालाही न पेलणारा खर्च आहे. तरी आठवड्यातल्या चार रात्री रुग्णाजवळ दुसरे कुणी झोपेल, रविवारची दुपार धाकटा दीर सांभाळेल, औषधांची आठवड्याची पेटी परगावची मुलगी दूरध्वनीवर बोलत बोलत भरून घेईल, बँकेचे आणि विम्याचे कागद परदेशातला मुलगा पाहील, एवढे ठरवता येते. परदेशी असलेल्या मुलाला अपराधी वाटत असते आणि तो दर चार दिवसांनी नवे औषध सुचवतो. त्यापेक्षा त्याला एक ठोस काम द्यावे. मदतीची वा माहितीची गरज भासल्यास ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन निःशुल्क आहे.

रुग्णालाही काही सांगायचे आहे. 'हिच्याशिवाय मला कुणाच्या हातचे चालत नाही' हे वाक्य प्रेमाचे असते हे खरे, पण त्याने त्या हिची पाळी कधीच संपत नाही. नव्या माणसाच्या हातून पहिले चार दिवस जेवण सांडेल, कूस बदलताना दुखेल, तेवढे सोसावे. आणि डोके ठिकाणावर असताना, बैठकीच्या खोलीत, सर्वांसमोर काही गोष्टी सांगून ठेवाव्यात: मला बोलता आले नाही तर निर्णय कुणी घ्यायचा, कोणत्या रुग्णालयात न्यायचे, श्वासाच्या यंत्रावर ठेवायचे की नाही, कागद कुठे आहेत. हा विषय अशुभ मानून टाळला जातो. मग अतिदक्षता विभागाच्या दाराशी तीन भावंडे तीन मते घेऊन उभी राहतात.

राहिला सायकलचा प्रश्न. चालवावी का? बहुतेकांनी चालवावी, पण कोणती आणि कुठे, याचा विचार करून. फ्रान्सचे रोबेर मार्शां यांनी जानेवारी २०१७ मध्ये वयाच्या १०५ व्या वर्षी बंदिस्त मार्गावर एका तासात २२.५४७ किलोमीटर सायकल चालवली. त्याआधी, १०१ ते १०३ या वयात, संशोधकांच्या देखरेखीखाली सराव करून त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता तेरा टक्क्यांनी वाढली होती. लंडन आणि बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी ५५ ते ७९ वयाच्या १२५ नियमित सायकलस्वारांची तपासणी केली, तेव्हा त्यांच्या स्नायूंची वयानुसार अपेक्षित झीज दिसली नाही. अर्थात हे आयुष्यभर सायकल चालवत आलेले, निवडक निरोगी लोक होते. सत्तरीत प्रथमच पेडल मारणाऱ्याने तेवढ्या फळाची अपेक्षा धरू नये.

आणि मर्क्स? तारुण्यात ज्यांना कुणी गाठू शकत नव्हते, त्यांना २०१३ मध्ये पेसमेकर बसवावा लागला, २०१९ मध्ये ते सायकलवरून पडून डोक्याला मार लागला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षी, पुन्हा पडून खुब्याचे हाड मोडले. सायकलने हृदय, फुप्फुसे आणि मांड्या सुधारतात, हाडे मात्र फारशी मजबूत होत नाहीत. त्यासाठी पायांवर भार देऊन चालणे लागतेच. म्हणून तोल जात असेल, उठताना चक्कर येत असेल, दृष्टी अधू असेल किंवा गेल्या वर्षात एकदा जरी पडला असाल, तर रस्त्यावरची सायकल नको. पाठीला टेकू असलेली घरातली सायकल घ्या, किंवा खुर्चीसमोर ठेवून पाय फिरवायचे छोटे यंत्र. ज्यांची रस्त्यावरची सवय सुटलेली नाही त्यांनी सेमिनरी हिल्स किंवा फुटाळ्याकडे उजाडल्याबरोबर, हेल्मेट घालून, पुढचा दांडा खाली असलेल्या सायकलवर जावे आणि उन्हाळ्यात साडेसातच्या आत घरी परतावे.

बैठकीची उंची अशी ठेवा की पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. उंची कमी ठेवल्यामुळे 'सायकलने गुडघे दुखतात' अशी तक्रार येते. पहिल्या आठवड्यात पाच-सात मिनिटे पुरे. पाय फिरवता फिरवता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, तितकाच जोर. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर उपाशीपोटी बसू नका आणि खिशात साखर ठेवा. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, नेहमीपेक्षा अधिक धाप लागली तर तत्काळ थांबा. हृदयाची झडप अरुंद असणाऱ्यांनी आणि नुकतीच अँजिओप्लास्टी झालेल्यांनी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच सुरुवात करावी. आणि पहिले काही दिवस उतरताना शेजारी कुणीतरी उभे असू द्या. चढताना सगळे सावध असतात; तोल बहुधा उतरताना जातो.